ब्लीच बघायचं कसं: 366 भाग, फिलर वगळून, मांगा हाताशी ठेवून

ब्लीच ही जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका अर्ध्यावर सोडणाऱ्यांच्या सोडायच्या जागा साधारण ठरलेल्या असतात. कुणी सत्तराव्या भागाच्या आसपास कंटाळतं, कुणी 168 ला, कुणी 230 नंतर. यात बघणाऱ्याचा काही दोष नाही. तिन्ही ठिकाणी मूळ गोष्ट थांबलेली असते आणि टीव्हीसाठी रचलेली दुसरीच गोष्ट सुरू झालेली असते. अशा भरीच्या भागांना फिलर म्हणतात. फिलर वगळा, हा सल्ला सगळेच देतात. पण नेमकं कुठे उतरायचं आणि कुठे पुन्हा चढायचं, हे माहीत नसेल तर वगळूनही गोंधळ होतो, कारण ब्लीचमधले फिलर लढाई संपल्यावर येतात असं नाही, ते लढाईच्या ऐन मध्यात घुसतात. पुढे सगळे आकडे दिलेत. कथेतले मोठे धक्के फोडलेले नाहीत, त्यामुळे अजून सुरुवात केली नसेल तरी बिनधास्त वाचा.

आधी पाया. टाइट कुबोची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात ऑगस्ट 2001 ते ऑगस्ट 2016 अशी चालली: 686 चॅप्टर, 74 व्हॉल्यूम. इचिगो कुरोसाकी या पंधरा वर्षांच्या पोराला भुतं दिसतात. रुकिया नावाच्या शिनिगामीची (मृत्यूदूताची) ताकद एका रात्री त्याच्याकडे येते आणि भरकटलेल्या आत्म्यांना पोचवण्याचं, होलोंना (राक्षस झालेल्या आत्म्यांना) मारण्याचं काम त्याच्या गळ्यात पडतं. स्टुडिओ पिएरोचा ॲनिमे 5 ऑक्टोबर 2004 ते 27 मार्च 2012 या काळात जपानच्या टीव्हीवर आला. दिग्दर्शक नोरियुकी आबे, संगीत शिरो सागिसू, एकूण भाग 366. मांगाचा शेवटचा भलामोठा आर्क (कथेचा सलग टप्पा) तेव्हा ॲनिमेत आलाच नाही. तो दहा वर्षांनी, 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘थाउजंड-इयर ब्लड वॉर’ या नावाने सुरू झाला. अनेक ठिकाणी ही वेगळी मालिका म्हणून दाखवतात. तिचा भाग 1 म्हणजे जुन्या मालिकेचा पुढचा भाग, नवी सुरुवात नव्हे. हे लक्षात न घेता थेट तिथून सुरू करणारे लोक आहेत आणि त्यांना काहीही कळत नाही.

फिलर का आले

हिशेब सोपा आहे. मांगाचा चॅप्टर आठवड्याला एक, साधारण 19 पानांचा. ॲनिमेचा भागही आठवड्याला एक. पण एक भाग सुरुवातीला सरासरी तीन चॅप्टर खात होता (182 चॅप्टर, 61 भाग). म्हणजे ॲनिमे मांगाच्या तिप्पट वेगाने धावत होता आणि तीन वर्षांची पुंजी सव्वा वर्षात संपली. मग पर्याय दोनच उरतात: थांबायचं, किंवा स्वतः काहीतरी रचायचं. आजकालच्या मालिका थांबतात, 12-13 भागांचा हप्ता करून वर्षभर गायब होतात. तेव्हा टीव्हीची वेळ सोडायची पद्धत नव्हती.

दुसरा परिणाम फारसा कुणी बोलत नाही. फिलर वगळले तरी मधल्या आर्कमध्ये वेग मंदावतोच. चॅप्टर 183 ते 423 आणि मधले 12 उणे क्रमांकाचे चॅप्टर (त्यांच्याबद्दल पुढे), असे 253 चॅप्टर 119 भागांत पसरलेत. भागाला जेमतेम दोन. त्यामुळे मागच्या भागाची उजळणी लांबते, दोघं एकमेकांकडे बघत उभे राहतात, ‘अशक्य!’ म्हणून डोळे विस्फारतात, पुन्हा बघत राहतात. हे फिलर नाही, पण भरताड आहेच. त्याचा उपाय पुढे येईल.

काय गाळायचं

मूळ क्रमांकाने, म्हणजे 1 ते 366 अशी सलग मोजणी धरून:

33 आणि 50: सुटे भाग.
64 ते 108: बाउंट आर्क. 109 हा त्याचाच समारोप, तोही सोडा.
128 ते 137
147 ते 149
168 ते 189: नवा कॅप्टन आमागाई.
204, 205
213, 214
228 ते 265: यात 230 पासून झानपाकुतो (शिनिगामींच्या तलवारी) आर्क.
287
298, 299
303 ते 305
311 ते 341: यात 317 पासून गोतेई 13 वरच्या (शिनिगामींच्या तेरा तुकड्यांवरच्या) स्वारीचा आर्क.
355

हे 163 भाग झाले. उरतात 203. सुरुवातीचं गाणं, शेवटचं गाणं आणि पुढच्या भागाची झलक काढली तर भागात खरी गोष्ट वीसेक मिनिटांची असते. म्हणजे एकूण सुमारे 68 तास. रोज तीन भाग पाहिलेत तर सव्वादोन महिन्यांत संपतं.

पण अडचण अशी की ॲप तुम्हाला सलग क्रमांक दाखवेलच असं नाही. बऱ्याच ठिकाणी मालिका 16 सीझनमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक सीझन पुन्हा 1 पासून मोजला जातो. तिथे ‘भाग 33’ शोधत बसाल तर हाती लागायचं नाही. ही वाटणी अशी आहे:

सीझन 1 (1–20), 2 (21–41), 3 (42–63), 4 (64–91), 5 (92–109), 6 (110–131), 7 (132–151), 8 (152–167), 9 (168–189), 10 (190–205), 11 (206–212), 12 (213–229), 13 (230–265), 14 (266–316), 15 (317–342), 16 (343–366).

यावरून काम हलकं होतं. सीझन 4, 5, 9 आणि 13 आख्खे गाळा. 15 मधला फक्त शेवटचा भाग पाहा. 1, 8 आणि 11 आख्खे बघायचे. बाकीच्यात किरकोळ कापाकापी: सीझन 2 चा 13 वा, सीझन 3 चा 9 वा, सीझन 6 चे 19 ते 22, सीझन 7 चे पहिले सहा आणि पुढे 16 ते 18, सीझन 10 चे शेवटचे दोन, सीझन 12 चे पहिले दोन आणि शेवटचे दोन, सीझन 14 चे 22, 33–34, 38–40 आणि 46 पासून शेवटपर्यंत, सीझन 16 चा 13 वा.

काही सेवा दोन-तीन सीझन एकत्र बांधतात. म्हणून सुरू करण्याआधी एक तपासणी करा. सीझनच्या यादीत सीझन 1 मध्ये 20 भाग आहेत का आणि सीझन 11 मध्ये 7 च आहेत का, ते बघा. दोन्ही जुळले तर वरचे आकडे जसेच्या तसे वापरता येतील. जुळले नाहीत तर भागाच्या नावावरून जा. आणि ऑटोप्ले बंद करा. 63 संपला की ॲप गुपचूप 64 लावतं, त्यात रोजच्याच शाळेत दोन-चार नवी माणसं हिंडू लागतात, गोष्ट पुढे सरकल्यासारखी वाटते, आणि बाउंटमध्ये शिरल्याचं कळायलाच पाच-सहा भाग जातात.

सांधे: कुठे उतरायचं, कुठे चढायचं

63 नंतर 110. हा सगळ्यात सरळ सांधा. 63 ला एक मोठी गोष्ट नीट मिटते. 110 ला इचिगो परत वर्गात बसलाय आणि नवा मुलगा येतो, शिंजी हिराको. फळ्यावर तो स्वतःचं नाव उलटं, आरशात दिसावं तसं लिहितो. ते दृश्य दिसलं की योग्य ठिकाणी आलात समजा. बाउंट न पाहिल्याचा एकच तोटा: पुढे काही भागांत उराहाराच्या दुकानाच्या आसपास कापडी खेळण्यांतले तीन बोलके जीव दिसतील आणि सगळे त्यांना ओळखत असतील. रिरिन, कुरोडो आणि नोबा. ती बाउंट आर्कची शिल्लक आहे. मांगात ती नाहीत आणि त्यांच्यावाचून पुढे काही अडत नाही.

146 नंतर 150. हुएको मुंडोच्या, म्हणजे होलोंच्या जगाच्या, वाळवंटात सगळे पोचलेत, लहानगी नेल भेटलीय, आणि अचानक तीन भाग वाळूखालच्या जंगलात जातात. पण हे तीन भाग गाळायच्या यादीत असूनही बघा, असं माझं मत आहे. मेनोसच्या जंगलात एकटाच लढत राहिलेला आशिदो नावाचा शिनिगामी तिथे भेटतो. तीन भागांत सुरू होऊन संपणारी, कथेच्या मुख्य रेषेला न दुखावणारी गोष्ट आहे. अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात नेटकं फिलर हेच.

167 नंतर 190. इथे सर्वाधिक लोक चक्रावतात. 167 ला इचिगो हुएको मुंडोत, रक्तबंबाळ, एक मोठी लढत नुकतीच संपवून उभा. 168 लावला की तोच इचिगो धडधाकट, सोल सोसायटीत (शिनिगामींच्या जगात) ये-जा करतोय, आणि तिसऱ्या तुकडीला आमागाई नावाचा नवा कॅप्टन मिळालाय. मध्ये काय झालं? काहीच नाही. काळाचा हिशेब लावायच्या फंदात पडू नका, तो लागत नाही. 190 च्या नावातच हुएको मुंडोची गोष्ट पुन्हा सुरू होत असल्याचं म्हटलंय, म्हणजे बनवणाऱ्यांनाही पक्कं माहीत होतं.

227 नंतर 266. तीच गत. इचिगो आणि त्याचा शत्रू उलकिओरा समोरासमोर आलेले असताना मालिका आधी समुद्रकिनारी सहलीला जाते आणि मग 36 भागांचा झानपाकुतो आर्क लावते. 266 च्या नावातही ‘पुन्हा सुरू’ असंच आहे. 2009-10 मध्ये दर आठवड्याला वाट बघणाऱ्यांचे नऊ महिने यात गेले. तुम्ही एका बटणावर पार कराल. फक्त 266 लावण्याआधी 226 ची शेवटची पाचेक मिनिटं परत पाहून घ्या, लय तुटत नाही.

310 नंतर 342. 310 ला दीडशे-दोनशे भाग पेटत असलेलं युद्ध संपतं. 342 त्याचा निरोपाचा भाग, मांगाचा चॅप्टर 423. मध्ये जो 31 भागांचा ढीग आहे तो इथे विशेष घातक आहे, कारण 310 मध्ये जे कायमचं बदललं त्याचं वजन त्या ढिगाखाली दबून जातं. एका बैठकीत 309, 310 आणि लगेच 342 असं पाहा.

206 ते 212 बद्दल एक इशारा. हे सात भाग सुमारे 110 वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतात, मुख्य लढाई चालू असताना. फिलर समजून त्यांच्यावर उडी मारू नका. हे कुबोचंच लेखन आहे, उराहारा, शिंजी आणि मंडळींचं सगळं मूळ इथे आहे, आणि ‘ब्लड वॉर’मधलं बरंच काही यावर उभं आहे.

झानपाकुतो आर्क बघायचा की नाही

ज्यांना फिलर पाहायचाच आहे त्यांनी हा पाहावा. कल्पना चांगली आहे: शिनिगामींच्या तलवारी माणसांची रूपं घेऊन मालकांविरुद्ध उलटतात, मुरामासा नावाचा एक त्यांना भडकवतो. बयाकुयाची तलवार कशी दिसेल, हित्सुगायाची कशी बोलेल, हे बघण्यात मजा आहे. 230 ते 255 पुरे. 256 ते 265 हा शेपटीसारखा जोडलेला उपआर्क आहे, तो नाही पाहिला तरी चालतं.

पण कधी बघायचा, हे महत्त्वाचं. मूळ जागी नको, कारण उलकिओराची लढत तुटते. आणि ‘ब्लड वॉर’ पाहून झाल्यावरही नको. नव्या मालिकेच्या पहिल्या 13 भागांत इचिगोच्या तलवारीबद्दल असं काही उलगडतं की त्यानंतर या आर्कमधला झांगेत्सू (त्या तलवारीचा आत्मा) पटेनासाच होतो. 2009 मध्ये लिहिणाऱ्यांना ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा 366 संपवा, हा आर्क बघा, आणि मग ‘ब्लड वॉर’कडे जा.

मांगा आणि ॲनिमे मिसळून

203 भागही जास्त वाटत असतील, किंवा मधल्या आर्कचा संथपणा सोसत नसेल, तर मिश्र वाट घ्या. आमच्या मते पहिल्यांदा बघणाऱ्यासाठी हीच सर्वात चांगली.

भाग 1 ते 63 ॲनिमे (33 आणि 50 वगळून). इथे ॲनिमेचा वेग उत्तम आहे आणि सागिसूचं संगीत पानांवर मिळत नाही.

मग मांगा. चॅप्टर 183 पासून सुरू करा, तो 21 व्या व्हॉल्यूममध्ये आहे. 423 पर्यंत वाचा, तिथे 48 वं व्हॉल्यूम संपतं. चॅप्टरला पाचेक मिनिटं धरली तर 253 चॅप्टर सुमारे 21 तासांत होतात. तोच मजकूर ॲनिमेत 119 भाग, म्हणजे जवळपास 40 तास.

मग 343 पासून पुन्हा ॲनिमे, 366 पर्यंत (355 सोडून). हा चॅप्टर 424 ते 479 चा भाग.

मांगा वाचताना एक ठिकाण हमखास फसवतं. चॅप्टर 315 नंतर 316 येत नाही. मध्ये −108 ते −97 असे उणे क्रमांकाचे 12 चॅप्टर आहेत, 36 आणि 37 व्या व्हॉल्यूममध्ये. हीच ती 110 वर्षांपूर्वीची गोष्ट. डिजिटल यादी क्रमांकाने लावलेली असली की हे 12 चॅप्टर सगळ्यात वर, चॅप्टर 1 च्याही आधी जाऊन बसतात. नवखा वाचक मालिकेची सुरुवात म्हणून तेच उघडतो आणि पहिल्याच बैठकीत सोल सोसायटी आर्कचं सगळं रहस्य फोडून घेतो. उणे क्रमांक दिसला की हात लावू नका, 315 नंतर परत या. छापील व्हॉल्यूममध्ये हा धोका नाही, ते जिथे हवेत तिथेच बांधलेले आहेत.

पुस्तकं घ्यायची असतील तर व्हिझ या प्रकाशकाच्या इंग्रजी आवृत्तीत तीन रूपं आहेत. सुटी 74 व्हॉल्यूम. एका पुस्तकात तीन अशी 25 पुस्तकं. आणि तीन बॉक्स सेट. बॉक्स सेटची विभागणी कथेला धरून आहे: पहिला 1–21, दुसरा 22–48, तिसरा 49–74. मिश्र वाटेने जाणाऱ्याला दुसरा सेट जवळजवळ पुरतो, पण ‘जवळजवळ’ हा शब्द विसरू नका. 183 आणि त्यापुढचे थोडे चॅप्टर 21 व्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे पहिल्या सेटच्या शेवटी आहेत. तेवढे डिजिटल वाचा, किंवा 110 आणि 111 हे दोन भाग पाहून मग 22 वं उघडा. तीन-एका आवृत्तीचा कागद साधा आणि कणा जाड असतो. पूर्ण उलगडून टेबलावर दाबू नका, पानं सुटतात.

पानं उजवीकडून डावीकडे आणि चौकटी वरून खाली, उजवीकडून डावीकडे. एवढं बहुतेकांना माहीत असतं. ब्लीचमध्ये वेगळं काय, तर कुबो पार्श्वभूमी काढतच नाही म्हटलं तरी चालेल. लढाई रंगात आली की पानभर पांढरं, त्यात एक तिरकी तलवार, कोपऱ्यात एक डोळा, शब्द तीन-चार. घाईने वाचणारा असली दहा पानं अर्ध्या मिनिटात उलटतो आणि मग म्हणतो, कोण कुणाला लागलं कळलंच नाही. अशा पानावर आधी सगळ्या चौकटी नजरेखालून घाला आणि तलवारीची रेघ कुठून कुठे जाते ते बघा. पुढच्या पानावर जखम नेमकी त्याच रेषेत असते. प्रत्येक व्हॉल्यूमच्या सुरुवातीला एक लहानशी कविता आहे, तीही सोडू नका. ती बहुतेकदा मुखपृष्ठावरच्या पात्राबद्दल असते.

ॲनिमे आणि मांगा यांत रक्ताचाही फरक आहे. जुना ॲनिमे संध्याकाळी, मुलं टीव्हीपुढे असताना लागायचा, त्यामुळे मांगातल्या बऱ्याच जखमा तिथे सौम्य झाल्यात. तुटलेलं अंग ओरखड्यावर भागतं. ‘ब्लड वॉर’ रात्री उशिरा लागत असल्याने तिथे ही बंधनं ढिली आहेत. घरात लहान मुलं असतील तर जुनी मालिका पाहिली म्हणून नवीही चालेल, असं धरू नका.

बघताना

सुरुवातीचे भाग जुन्या चौकोनी चित्रात आहेत. टीव्हीची ‘स्ट्रेच’ किंवा ‘फुल’ सेटिंग चालू असेल तर सगळ्यांचे चेहरे रुंद दिसतात. ती बंद करून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.

शेवटचं गाणं लागलं की ॲप पुढच्या भागाकडे ढकलतं, पण थांबा. गाण्यानंतर अर्ध्या-पाऊण मिनिटाचा विनोदी तुकडा असतो, ‘शिनिगामी सचित्र कोश’. कॅप्टन लोक घरी कसे वागतात, कोण चहात काय घालतो, असला मालमसाला. पुढे अरांकारांचा (शिनिगामींची ताकद मिळालेल्या होलोंचा) कोशही येतो. याउलट सुरुवातीची गाणी जपून. अरांकार आर्कपासून त्यांत पुढचे शत्रू आणि कोण कुणाशी लढणार हे सरळ दाखवतात. आर्क बदलून नवं गाणं आलं की पहिल्यांदा ते सोडून द्या, चार-पाच भागांनी ऐका.

विकीवर पात्राचं नाव शोधू नका. पहिल्याच ओळीत त्याची सध्याची नेमणूक लिहिलेली असते आणि ती वाचली की कोण मेलं, कोण फितूर झालं, सगळं एका वाक्यात कळतं. शंका आली तर त्या भागाचं पान उघडा, पात्राचं नको.

परिभाषेचं फार ओझं घेऊ नका. तीन गटांच्या तीन भाषा आहेत एवढं धरून ठेवलं तरी पुरतं: शिनिगामींची नावं आणि मंत्र जपानी, अरांकारांचे स्पॅनिश, क्विन्सींचे (होलोंशी धनुष्यबाणाने लढणाऱ्या माणसांचे) जर्मन. अनोळखी शब्द कानावर पडला तरी बोलणारा कोणत्या बाजूचा, हे त्यावरून ओळखता येतं. तलवारीची पहिली पायरी शिकाई, दुसरी बांकाई. बांकाई जवळपास प्रत्येक कॅप्टनला येते. पहिल्या 63 भागांत यापेक्षा जास्त लागत नाही.

‘ब्लड वॉर’च्या आधी

जुने 366 पाहून बराच काळ लोटला असेल तर सगळं परत पाहायची गरज नाही. एवढं पाहा: 8 आणि 9 (आईच्या वर्षश्राद्धाचा दिवस), 43 आणि 44 (इशिदा विरुद्ध मायुरी, क्विन्सींचा इतिहास), 206 ते 212, 270 ते 272, 309, 310, 342, आणि 343 ते 366 पूर्ण. शेवटचा फुलब्रिंगर (खास ताकद असलेली माणसं) आर्क कंटाळवाणा म्हणून सोडायची पद्धत पडलीय. पहिले आठ-नऊ भाग खरंच रेंगाळतात. तरी सोडू नका. त्याच्या शेवटी इचिगो जो निर्णय घेतो, तो न पाहता नव्या मालिकेतला इचिगो समजत नाही. आणि 8–9 वाचवून ठेवायचे असतील तर नव्या मालिकेच्या 11 व्या भागाच्या आदल्या दिवशी बघा. दोन्हींच्या मध्यभागी इचिगोची आईच आहे.

नव्या मालिकेचे तीन पार्ट झालेत: 2022 मध्ये भाग 1–13, 2023 मध्ये 14–26, 2024 मध्ये 27–40. शेवटच्या पार्टची घोषणा 2026 साठी झाली. दिग्दर्शक आता तोमोहिसा तागुची, संगीत पुन्हा सागिसू. फिलर शून्य, काही गाळायचं नाही. उलट इथे गणित पालटलंय. मांगाचा शेवटचा काळ कुबोची तब्येत बिघडलेली असताना, घाईत लिहिला गेला होता आणि काही लढती चौकटीबाहेरच संपल्या होत्या. ॲनिमेत कुबोच्या सहभागाने त्या भरून काढल्यात. हजार वर्षांपूर्वीच्या पहिल्या गोतेई 13 ची लढाई, भाग 26 मधली राजरक्षकांची झुंज, हे मांगात असं नाही. म्हणजे 366 पर्यंत ॲनिमेत जास्तीचं दिसलं की संशय घ्यायचा, आणि इथे जास्तीचं दिसलं की ते मूळ लेखकाचंच धरायचं.

म्हणून या आर्कसाठी आधी ॲनिमे, नंतर मांगा. आणि मांगा वाचायची तर चॅप्टर 480 पासून (व्हॉल्यूम 55) सुरू करा. भाग 40 नंतर ‘पुढे कुठून वाचू’ म्हणून मधूनच उडी मारू नका. ॲनिमेने प्रसंगांचा क्रम हलवलाय, काही पुढे ओढले, काही मागे ढकललेत. सांधा स्वच्छ सापडत नाही.

चित्रपट आणि उरलंसुरलं

चार ॲनिमे चित्रपट आहेत: ‘मेमरीज ऑफ नोबडी’ (2006), ‘द डायमंडडस्ट रिबेलियन’ (2007), ‘फेड टू ब्लॅक’ (2008), ‘हेल व्हर्स’ (2010). एकही मूळ कथेचा भाग नाही. पहिले तीन 167 नंतर कधीही बघा. पहिला बरा, दुसऱ्यात हित्सुगाया आवडणाऱ्यांची चंगळ, तिसरा फक्त रुकियासाठी. ‘हेल व्हर्स’ मात्र 272 च्या आधी अजिबात नको. सुरुवातीलाच उलकिओराच्या लढतीतला कळीचा क्षण नव्याने रंगवून दाखवलाय. 299 हा त्याचाच जाहिरातवजा भाग, तो पाहून काही मिळत नाही. 2018 चा जिवंत नटांचा चित्रपट पहिल्या आर्कपुरता आहे. वीसेक भागांचा मजकूर पावणेदोन तासांत बसवलाय, हे धरून पाहिलात तर निराशा कमी होईल.

मांगा 686 पर्यंत पूर्ण झाल्यावर दोनच गोष्टी उरतात. ऱ्योगो नारिताच्या ‘कान्ट फिअर युवर ओन वर्ल्ड’ या तीन भागांच्या कादंबरीत फुलब्रिंगरांचे आणि सोल सोसायटीच्या जन्माचे सुटलेले धागे जोडलेत. आणि वीस वर्षपूर्तीनिमित्त ऑगस्ट 2021 मध्ये कुबोने काढलेला नरकावरचा एक मोठा चॅप्टर. क्रम हाच ठेवा, आधी कादंबरी, मग तो चॅप्टर. ‘हेल व्हर्स’मध्ये पाहिलेल्या नरकाचे नियम मात्र त्याला लावायला जाऊ नका, दोन्ही नरक वेगळे आहेत.